अवघड इंग्रजी शब्द शिकायचेत? आधी घरातले डबे उघडून बघा

मागे एकदा ऑफिसात ट्रेनिंग झालं आणि नंतर फीडबॅकचा मेल लिहायचा होता. मी मराठी मीडियमवाला, त्यात तेव्हा रोज वीस-वीस शब्द पाठ करायचं खूळ डोक्यात, मग काय, ठोकून दिलं की सेशन फारच एनर्व्हेटिंग होतं. डोक्यात हिशेब असा की एनर्जी आहे, नर्व्ह आहे, म्हणजे अंगात वीज संचारली टाइप काहीतरी असणार. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ट्रेनर बाजूला घेऊन म्हणाले, "इतकं वाईट झालं का हो?" एनर्व्हेट म्हणजे अंगातलं त्राण काढून घेणं, माणूस गळून जाईल असं करणं. आणि गंमत म्हणजे हा शब्द माझ्या यादीत होता, अर्थासकट होता, मी त्याच्यावर बरोबरची खूण पण केलेली होती.

तेव्हापासून मी याद्या पाठ करणं बंद केलं. खाली जे लिहितोय ते त्यानंतर चुकत-माकत जमलेली पद्धत आहे. नवीन सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहितोय, म्हणजे ज्यांना साधं इंग्रजी वाचता येतं पण अग्रलेख किंवा जरा जुनी कादंबरी हातात घेतली की दर ओळीला ठेच लागते त्यांच्यासाठी.

पायरी १: कुठले शब्द घ्यायचे

पहिली चूक इथेच होते. आपण "हजार अवघड शब्द" असली पीडीएफ उतरवून घेतो आणि अ पासून सुरू करतो, आठवड्याभरात अ‍ॅबपाशीच दम लागतो. या याद्या बऱ्याचशा जुन्या जीआरईच्या, म्हणजे परदेशात पुढच्या शिक्षणाला जाताना देतात त्या परीक्षेच्या, जमान्यातल्या आहेत. तेव्हा त्या परीक्षेत थेट विरुद्धार्थी शब्द विचारायचे, अ‍ॅनालॉजी म्हणजे शब्दांच्या जोड्यांमधलं नातं विचारायचे, त्यामुळे सुटा शब्द आणि सुटा अर्थ पाठ करण्यात काहीतरी तथ्य होतं. ऑगस्ट २०११ मध्ये तो पॅटर्न गेला, आता वाक्यातली रिकामी जागा भरायची असते, म्हणजे शब्द वाक्यात कसा बसतो ते कळल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. याद्या मात्र अजून तशाच फिरतायत.

त्यापेक्षा माझा नियम सांगतो. शब्द तुमच्या स्वतःच्या वाचनात भेटला पाहिजे, आणि तीनदा भेटला पाहिजे. पहिल्यांदा भेटला, अंदाजाने पुढे जा. दुसऱ्यांदा भेटला तर पेन्सिलने टिंब द्या. तिसऱ्यांदा भेटला की तो वहीत घ्यायचा, कारण तीनदा दारात आलाय म्हणजे त्याचं तुमच्याकडे काम आहे. एकदा वहीत आला की ठरवायचं की हा फक्त ओळखायचा शब्द आहे, का वापरायचा, का नुसता गमतीचा. मेटिक्युलस (काटेकोर), प्रॅग्मॅटिक (व्यवहारी), रिडंडंट (अनावश्यक) हे वापरायचे, उद्याच्या मेलमध्ये लागतील. ऑबफस्केट, म्हणजे मुद्दाम गोष्ट धूसर करून ठेवणं, हा ओळखता आला तरी पुरे. आणि ते पंचेचाळीस अक्षरी न्यूमोनोअल्ट्रा-वगैरे फुफ्फुसाच्या रोगाचं नाव, ते १९३५ साली शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या एका संघटनेच्या अध्यक्षांनी लांबलचक शब्द हवा म्हणूनच रचलेलं, ते भाच्याला दाखवायला ठीक आहे, त्याच्यावर एक मिनिटसुद्धा घालवू नका.

पायरी २: डिक्शनरी नीट उघडायला शिका

गुगलवर शब्द टाकला की एका ओळीत अर्थ येतो आणि आपण खूश होऊन पुढे जातो. तोच तो एनर्व्हेटिंगचा खड्डा. सुरुवातीला लर्नर्स डिक्शनरी वापरा, म्हणजे इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठी केलेली. लाँगमनची १९७८ ला आली तेव्हापासून त्यात अर्थ समजावायला साधारण दोन हजारच सोपे शब्द वापरायचे असं बंधन घालून घेतलेलं आहे, म्हणजे एक अवघड शब्द बघायला जा आणि अर्थात आणखी तीन अवघड शब्द मिळाले असं फारसं होत नाही. ऑक्सफर्डची लर्नर्सही तितकीच चांगली. दोन्ही ऑनलाइन फुकट बघता येतात आणि स्पीकरचं बटण दाबलं की उच्चार ऐकू येतो.

उघडल्यावर अर्थ वाचाच, पण त्याच्या आजूबाजूचं जास्त नीट वाचा. शब्दापुढे छोट्या अक्षरात फॉर्मल, लिटररी, ओल्ड-फॅशन्ड, डिसअप्रूव्हिंग असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते सोन्यासारखं आहे. आणि उदाहरणाची वाक्यं. तिथे शब्दाचे शेजारी कळतात.

शेजारी म्हणजे काय ते मराठीतच बघा. आपण दाट धुकं म्हणतो, घट्ट दही म्हणतो, गडद रंग म्हणतो, निबिड अरण्य म्हणतो. चौघांचा अर्थ एका कोशात जवळजवळ सारखाच सापडेल, पण कुणी पाहुणा आला आणि म्हणाला "वहिनी, एक निबिड चहा द्या" तर वहिनी हसून लोळतील. हा नियम आपल्याला कुणी शिकवलेला नाही, कानाने आलाय. इंग्रजीचं तसंच आहे, फक्त तिथे आपला कान तयार नसतो म्हणून शेजाऱ्यासकट लिहून घ्यायचं. इन्क्लेमंटला (खराब) वेदर लागतं. अल्टीरियरला (छुपा) मोटिव्ह. अ‍ॅब्जेक्टच्या (पराकोटीची, हलाखीची) मागे बहुतेक वेळा पॉव्हर्टी येते, अनरिक्वायटेडच्या (एकतर्फी) मागे लव्ह, बिचारं. इग्रीजियस हा शब्द घ्या, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कळपातून वेगळा उठून दिसणारा, एके काळी चक्क कौतुकाचा शब्द होता, आता फक्त वाईटासाठी उरलाय आणि बऱ्याचदा एररबरोबर फिरतो. इग्रीजियस एरर म्हणजे आपली घोडचूक. अशी जोडी लिहिली की अर्थ वेगळा पाठ करावाच लागत नाही.

पायरी ३: मुळापर्यंत जा, तिथे आपलीच माणसं भेटतात

हा माझा सगळ्यात लाडका भाग आहे त्यामुळे इथे जरा लांबण लागेल, सहन करा.

२ फेब्रुवारी १७८६ ला कलकत्त्यात विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशांनी एशियाटिक सोसायटीत भाषण दिलं आणि त्यात म्हणाले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की त्या एकाच कुठल्यातरी मूळ भाषेतून निघाल्या असल्या पाहिजेत. आता याचा आपल्याला काय फायदा? तर इंग्रजीतले अवघड, भारदस्त शब्द बरेचसे लॅटिन आणि ग्रीकमधून आलेत, आणि मराठीतले भारदस्त शब्द संस्कृतातून. म्हणजे अवघड इंग्रजी शब्द हा पुष्कळदा आपल्या ओळखीच्या शब्दाचा परदेशात वाढलेला चुलतभाऊ असतो. इंग्रजी मीडियमच्या पोराला जे पाठ करावं लागतं ते आपल्याला नात्यातून लक्षात राहतं. मराठी मीडियमचा न्यूनगंड बाळगणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

शाळेत वृत्तं शिकताना लघु-गुरु शिकलो होतो ना, लगक्रम लावायचो. लघु म्हणजे हलका, गुरु म्हणजे जड. तोच गुरु लॅटिनमध्ये ग्रॅव्हिस झाला आणि त्यातून ग्रॅव्हिटी, ग्रॅव्हिटास म्हणजे माणसाच्या वागण्यातलं वजन, आणि अ‍ॅग्रव्हेट म्हणजे आधीच जड असलेलं आणखी जड करणं. लघुचा चुलता लेव्हिस, त्यातून लेव्हिटी म्हणजे गंभीर जागी केलेला हलकेपणा, लेव्हिटेट म्हणजे हवेत तरंगणं, आणि अलीव्हिएट म्हणजे दुःखाचा किंवा दुखण्याचा भार हलका करणं. एका लगक्रमात सहा शब्द निघाले.

पुढे. ज्ञ घ्या. ग्रीक आणि लॅटिनमध्ये तो ग्नो असा दिसतो. अ‍ॅग्नॉस्टिक हा शब्द हक्सली या शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये तयार केला, आणि मराठीत आपण म्हणतो अज्ञेयवादी, अ ला अ आणि ज्ञ ला ग्नो, तुकड्याला तुकडा जुळतो. प्रोग्नॉसिस, म्हणजे आजार पुढे कसा जाईल याचा डॉक्टरांचा अंदाज, हा प्र आणि ज्ञा. इन्कॉग्निटो म्हणजे न ओळखता, ब्राउझरमधलं ते टोपी-चष्मेवालं चित्र. पायाचं बघा, आपलं पद, त्यांचं पेड. इम्पीड म्हणजे पायात लोढणं अडकवणं, म्हणून अडथळा आणणं, आणि एक्स्पिडाइट म्हणजे पाय मोकळे करणं, म्हणून काम लवकर मार्गी लावणं. पेडेस्ट्रियन म्हणजे पादचारी हे सगळ्यांना माहीत असतं, पण लेखनाला कुणी पेडेस्ट्रियन म्हटलं तर ते रटाळ, सरधोपट, पायी पायी चाललेलं आहे असा टोमणा असतो. आणि सेस्क्विपेडेलियन म्हणजे शब्दशः दीड फुटी, रोमन कवी होरेसने लांबलचक शब्दांना दीड फुटी शब्द म्हणून हिणवलं होतं तिथून आलाय. दीडफुटी शब्द वापरणाऱ्याला आपण दीडशहाणा म्हणू शकतो, ही व्युत्पत्ती मात्र माझी आहे, कुठे लिहू नका.

पशु आणि लॅटिन पेकू हे एकच. गुरंढोरं हीच संपत्ती होती तेव्हाची, म्हणून पेक्युनिअरी म्हणजे पैशासंबंधी आणि इम्पेक्युनिअस म्हणजे ज्याच्याकडे गुरं नाहीत, कफल्लक. मृतच्या नात्यातला मॉर्टल म्हणजे मर्त्य, मोरिबंड म्हणजे मरणपंथाला लागलेली कंपनी किंवा प्रथा, आणि ग्रीक देवांचं अन्न जे अम्ब्रोशिया ते आपल्या अमृताचं सख्खं भावंड. स्वप्न तिकडे सॉम्न झालं, त्यातून सॉम्नोलंट म्हणजे पेंगुळलेला, आणि इन्सॉम्निया तर हल्ली सगळ्यांनाच आहे. मॅग्नॅनिमस म्हणजे मोठ्या मनाचा, त्यातला मॅग्न म्हणजे आपला महा.

सगळ्यात भारी मला वाटतो तो हॉरिपिलेशन. अर्थ अंगावर काटा येणं. लॅटिन हॉरेरे म्हणजे केस ताठ उभे राहणं, पिलस म्हणजे केस. आता आपला रोमहर्ष बघा, रोम म्हणजे अंगावरचे केस, आणि हर्ष ज्या धातूवरून आला त्या हृष् चा जुना अर्थ ताठ उभं राहणं हाच, तो आणि हॉरेरे एकाच मुळाचे. म्हणजे त्यांचा हॉरर आणि आपला हर्ष एका आईची लेकरं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच हॉरिपिलेशन झालं होतं.

आता सावधगिरीची सूचना. नाम आणि नॉमेन एकच, त्यामुळे अ‍ॅनॉनिमस म्हणजे अनामिक, नॉमिनल म्हणजे नाममात्र, इग्नॉमिनी म्हणजे नाव जाणं, बदनामी. आणि बदनामी लिहिताना लगेच वाटतं की त्यातला फारसी बद आणि इंग्रजीतला बॅड हेही एकच असणार, उच्चार सारखा, अर्थ सारखा. तर नाही. हा निव्वळ योगायोग आहे, दोघांचा काही संबंध नाही. तसंच लॅटिन देउस हा आपल्या देवाचा नातलग, पण ग्रीक थिऑस, ज्याच्यावरून थिऑलॉजी आलं, तो दिसायला जवळचा असून नात्यातला नाही. म्हणून नातं जुळवा पण खात्री करून जुळवा, शब्दाची व्युत्पत्ती देणारी डिक्शनरी उघडायची आणि बघायचं. अंदाजाने नातं लावणाऱ्याचं काय होतं ते वर एनर्व्हेटिंगमध्ये बघितलंच.

पायरी ४: मराठी शब्द शोधा, पण त्याच तापमानाचा

शाळेत आपल्याला अर्थ म्हणून जे मराठी शिकवलं जातं ते फार गुळगुळीत असतं. अक्सोरियस या शब्दाचा अर्थ एका ठिकाणी "पत्नीवर अतिप्रेम करणारा" असा दिलेला होता, वाचून काहीच होत नाही. अहो, बाईलवेडा म्हणा! इंग्रजी शब्दातही ती थोडी चेष्टा, थोडं हिणवणं आहे, ते बाईलवेड्यात बरोब्बर उतरतं. तसंच लगूब्रियस म्हणजे सुतकी चेहऱ्याचा. ऑबसीक्विअस म्हणजे लाळघोट्या. कर्मजन म्हणजे खडूस म्हातारा. कँटँकरस म्हणजे भांडकुदळ. टॅसिटर्न म्हणजे मितभाषी असं कोशात असेल, पण त्यात कौतुक नसतं फारसं, घुम्याच्या बाजूला जास्त झुकतो. गॅर्युलस म्हणजे बडबड्या, तोही कंटाळवाण्या गोष्टींची बडबड करणारा, आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी डोळ्यासमोर आणा (तुमच्या बिल्डिंगचे आणा, माझे वाचतील).

हीच युक्ती पुढे नेऊन मी माणसांच्या नावाने शब्द लावतो. पार्सिमोनिअस, म्हणजे चिक्कू, समोर एका काकांचं नाव. पुसिलॅनिमस, शेळपट, समोर एका मित्राचं नाव. वही कुणाला दाखवत नाही हे सांगायला नको.

शरीराच्या शब्दांसाठी तर मराठीसारखी भाषा नाही. पँडिक्युलेशन म्हणजे आळोखेपिळोखे देणं. बॉर्बरिग्मस म्हणजे पोटात गुडगुडणं, म्हणून बघा, शब्दच गुडगुडतो. सुसरस म्हणजे पानांची सळसळ किंवा दबकी कुजबुज. हे गमतीच्या ढिगातले आहेत, पण गमतीचे चार-पाच शब्द आठवड्याला असावेत, नाहीतर अभ्यास होतो.

उलटंही होतं. प्रोक्रॅस्टिनेट म्हणजे उद्यावर ढकलणं, त्यात क्रास म्हणजे लॅटिन उद्या. परवावर ढकलायलासुद्धा पेरेंडिनेट म्हणून एक शब्द आहे, आता कुणी वापरत नाही. तेरवावर ढकलायला मात्र इंग्रजीत काही सापडलं नाही मला, तिथे आपणच पुढे.

पायरी ५: गोष्ट असेल तर गोष्ट धरा

काही शब्दांना मूळ बघून उपयोग नसतो, त्यांच्या मागे किस्सा असतो, तो एकदा ऐकला की शब्द जन्मात विसरत नाही. २३ मे १६१८ ला प्रागच्या किल्ल्यात चिडलेल्या सरदारांनी बादशहाच्या दोन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या कारकुनाला उचलून खिडकीतून खाली फेकलं. तिघंही वाचले, पण तिथून युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं. खिडकीला लॅटिनमध्ये फेनेस्ट्रा म्हणतात, म्हणून डीफेनेस्ट्रेशन. आता हा शब्द एखाद्याला पदावरून तडकाफडकी हाकललं की पेपरात दिसतो.

पिरिक व्हिक्टरी म्हणजे इ.स.पू. २७९ मध्ये पिरस राजाने रोमनांना हरवलं पण त्यात त्याची स्वतःची इतकी माणसं गेली की जिंकून हरल्यासारखं झालं. हे इतकं समजावायची मराठी माणसाला गरज नाही, गड आला पण सिंह गेला एवढं म्हटलं की पुरे. सेरेंडिपिटी हा शब्द होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने २८ जानेवारी १७५४ च्या एका पत्रात पहिल्यांदा लिहिला, सेरेंडिप म्हणजे श्रीलंकेचं जुनं नाव, ते आलंय आपल्या सिंहलद्वीपावरून. शोधायला गेलो एक आणि नशिबाने मिळालं दुसरंच चांगलं, हा त्याचा अर्थ. पेट्रिकोर म्हणजे पहिल्या पावसाचा मृद्गंध, १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दोन शास्त्रज्ञांनी हे नाव दिलं, ग्रीक पेट्रा म्हणजे दगड आणि आयकोर म्हणजे देवांच्या नसांत वाहणारं रक्त. शब्द सुंदर आहे, पण इन्स्टाग्रामवर जूनमध्ये इतका वापरतात की आता नको वाटतो.

२०१७ च्या मे महिन्यात शशी थरूर यांच्या एका ट्वीटमुळे अख्खा देश फरागो शोधायला धावला होता ते आठवत असेल. त्याचं मूळ बघितलं का? लॅटिनमध्ये फरागो म्हणजे गुरांना घालायचा मिसळीचा चारा. आपण आंबोण म्हणतो ना, पेंड, चुणी, उरलंसुरलं सगळं एकत्र कालवून, ते. खोट्यानाट्याचं आंबोण. एवढं डोळ्यासमोर आलं की झालं.

आणि दोन शब्द तर आपल्या अंगणातले. मंगूस हा आपल्या मुंगसावरून गेलाय, चक्क मराठीतून. दुसरा डूलाली. ब्रिटिश माणूस कुणाचं डोकं फिरलंय म्हणायला डूलाली म्हणतो, आणि ते आहे आपलं नाशिकजवळचं देवळाली! तिथे ब्रिटिश सैन्याची छावणी होती, मुदत संपलेले सोल्जर घरी जायच्या बोटीची वाट बघत तिथे पडून राहायचे, उन्हात, रिकामटेकडे, महिनोन्महिने, आणि त्यात काहींची डोकी फिरायची. पूर्ण शब्दप्रयोग होता डूलाली टॅप, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

पायरी ६: तोंडाने म्हणा

वाचून शिकणाऱ्यांचा हा मार खायचा भाग. मी कित्येक वर्षं एपिटोम (मूर्तिमंत नमुना) म्हणायचो, तो आहे इपिटमी, चार तुकडे. हायपरबोल (अतिशयोक्ती) नाही, हायपर्बली. ए-डब्ल्यू-आर-वाय हा ऑरी नसून अराय आहे, म्हणजे वाकडं गेलेलं, बिनसलेलं. एस-ई-जी-यू-ई हा सेग्वे, म्हणजे एका विषयावरून सहज दुसऱ्यावर सरकणं. इन्डिक्ट (आरोप ठेवणं) असं लिहितात आणि इन्डाइट म्हणतात. डेट म्हणजे कर्ज, त्यातला बी तर कधी उच्चारलाच जात नव्हता, शब्द फ्रेंचमधून बी शिवायच आला होता, नंतर विद्वानांना लॅटिन डेबिटम आठवलं म्हणून त्यांनी तो स्पेलिंगमध्ये घुसडला आणि आपल्याला शिक्षा.

यावर उपाय आपल्याकडे फुकट आहे, देवनागरी. स्पीकरचं बटण दाबा, ऐका, आणि वहीत उच्चार देवनागरीत लिहा. दोन गोष्टी देवनागरीत सापडत नाहीत तेवढ्या लक्षात ठेवा. एक, व्ही आणि डब्ल्यू दोन्ही आपण व ने लिहितो, तर व्ही असेल तिथे व्ह लिहायची सवय लावा आणि म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागू द्या. दुसरं, जोर. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या तुकड्यावर, फटॉग्रफरमध्ये दुसऱ्यावर, फोटोग्रॅफिकमध्ये तिसऱ्यावर. ज्या तुकड्यावर जोर त्याच्या खाली रेघ मारा. मराठीत आपण सगळ्या अक्षरांवर साधारण सारखाच जोर देतो म्हणून हे आपल्याला ऐकूच येत नाही, मुद्दाम ऐकावं लागतं.

पायरी ७: उजळणी

यात फार सांगण्यासारखं नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणून उजळणी सुरुवातीला लवकर लवकर आणि मग लांब लांब अंतराने. मोबाइलवर अँकी नावाचं अ‍ॅप हे अंतर आपोआप ठरवतं. अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. अ‍ॅप नको तर चपलांचा रिकामा खोका घ्या, पुठ्ठ्याने पाच कप्पे करा, आणि प्रत्येक शब्दाचं एक छोटं कार्ड. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात, ते रोज बघायचं. आलं तर पुढच्या कप्प्यात, चुकलं तर कुठल्याही कप्प्यातून परत पहिल्यात, शाळेत परत पहिलीत बसवल्यासारखं. दुसरा कप्पा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने.

कार्डावर शब्द आणि मागे अर्थ असं लिहू नका, त्याने परत यादीच होते. पुढे गाळलेल्या जागेचं वाक्य लिहा, आणि ते वाक्य तुमच्या आयुष्यातलं असू द्या. माझ्या एनर्व्हेटिंगच्या कार्डावर मे महिन्यातल्या दुपारच्या एसटीचा प्रवास आहे. दिवसाला पाच नवीन कार्डं, त्याच्या वर नाही. पहिल्या आठवड्यात उत्साहाने तीस टाकाल, दहाव्या दिवशी उजळणीचा डोंगर बघून अ‍ॅप डिलीट कराल, माझं दोनदा झालंय.

पायरी ८: वापरायचा कधी

लगेच नाही. वहीत घेतल्यावर तो शब्द आणखी दोन-तीन ठिकाणी दुसऱ्यांनी वापरलेला दिसू दे, मग मित्राशी बोलताना वापरा, मग व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि सगळ्यात शेवटी ऑफिसच्या मेलमध्ये किंवा अर्जात. आणि साध्या शब्दाने भागत असेल तर साधाच वापरा. सुंदर मुलीला पल्क्रिट्यूडिनस म्हणालात तर अर्थ बरोबर असूनसुद्धा ती नाराज होईल, शब्दच असा आहे की कुठल्यातरी त्वचारोगाचं नाव वाटावं.

काही शब्द तर दिसतात एक आणि असतात दुसरेच, ते आधीच सांगून ठेवतो. नॉयसम म्हणजे गोंगाटाचा नाही, घाणेरड्या वासाचा. पेरूझ म्हणजे वरवर चाळणं असं बरेच जण समजतात, मूळ अर्थ बारकाईने वाचणं. इन्फ्लेमेबल म्हणजे पेट न घेणारं नव्हे, पेट घेणारंच, फ्लेमेबल आणि हा एकच, टँकरच्या मागे उभं असताना हे माहीत असलेलं बरं. डिसइंटरेस्टेड म्हणजे निःपक्षपाती, पंच असा असावा, आणि अनइंटरेस्टेड म्हणजे ज्याला मॅचमध्येच रस नाही. व्हीनल म्हणजे लाचखाऊ, व्हीनिअल म्हणजे माफ करण्यासारखी छोटी चूक, मध्ये एका आयचा फरक आहे आणि बॉसबद्दल लिहिताना तो आय विसरू नका. इन्जीनिअस म्हणजे कल्पक आणि इन्जेन्युअस म्हणजे भाबडा.

एवढं करूनही काही शब्द बसतच नाहीत. अँकीमध्ये एखादं कार्ड पुन्हा पुन्हा चुकत आठ वेळा झालं की ते अ‍ॅप त्याच्यावर लीच म्हणजे जळू असा शिक्का मारतं, तुमचा वेळ पिते म्हणून, आणि तशी सेटिंग केली तर कार्ड बाजूलाही काढून ठेवतं. मला ही कल्पना फार आवडली. अशा शब्दाशी झटत बसायचं नाही, जाऊ द्यायचं. माझ्याकडे पर्स्पिकेशस आणि पर्स्पिक्युअस अशी एक जोडी आहे, एकाचा अर्थ तल्लख नजरेचा माणूस आणि एकाचा स्वच्छ कळेल असं लिखाण, आणि कुठला कुणाचा हे लिहायच्या आधी आत्ता पुन्हा डिक्शनरी उघडून बघितलं.